नदीपलीकडच्या शाळांसाठी पुस्तके

रायपूर शहरातून बिलासपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर भनपुरी लागते. लोखंडी सळया तयार करणाऱ्या रोलिंग मिल, लाकडाच्या वखारी, मालवाहतूक कंपन्यांची कार्यालये आणि रस्त्याच्या कडेला रांगेने उभे असलेले ट्रक, असे या वस्तीचे रूप आहे. पुढे बिरगाव, उरला, सिलतरा अशी कारखान्यांची माळच सुरू होते. शहरात जे निरुपयोगी ठरते त्याचा बराचसा भाग याच दिशेने येतो. जुने लोखंड भट्टीत जाते आणि जुना कागद लगद्याच्या हौदात. मार्च-एप्रिलमध्ये परीक्षा आटोपल्या, की घरोघरी रद्दीवाल्याचा तराजू लागतो. निम्म्या कोऱ्या राहिलेल्या वह्या, एकदाच चाळलेली गोष्टींची पुस्तके, शब्दकोश, नकाशांची पुस्तके, सारे एका भावाने किलोवर विकले जाते. वजन करणाऱ्याला त्यात काय लिहिले आहे याच्याशी कर्तव्य नसते. विकणाऱ्यालाही फारसे नसते.

भनपुरीतून निघणारे ट्रक मात्र केवळ कारखान्यांकडे जात नाहीत. सिमेंट, सळया, किराणा, कापड असा माल भरून ते धमतरी, कांकेर, कोंडागाव ओलांडत सुमारे ३०० किलोमीटर दूर असलेल्या जगदलपूरला आणि तेथून पुढे बस्तरच्या अंतर्भागात पोहोचतात. ज्या शहरातून मुलांच्या वाचनाची सामग्री रद्दीत जाते, त्याच शहरातून निघणारा रस्ता पुस्तकावाचून राहिलेल्या मुलांपर्यंतही जातो. शहरातील सुस्थित कुटुंबे, मंडळे, शाळा यांनी पुस्तके आणि शालोपयोगी वस्तू गोळा करून दुर्गम शाळांना पाठवाव्यात, ही कल्पना म्हणूनच स्वाभाविक वाटते आणि ती अनेक ठिकाणी अमलातही येते. परंतु गोळा करणे हा या कामाचा सर्वांत सोपा भाग आहे. कोणते पुस्तक, कोणत्या भाषेतले, केव्हा आणि कोणाच्या हाती द्यावयाचे, हे ठरवणे खरे कठीण. आणि नेमके तेच बहुधा विचारावाचून उरकले जाते.

या शाळा आहेत तरी कोठे? बेट म्हटले, की समुद्राने वेढलेली भूमी डोळ्यांसमोर येते. मुंबईजवळच्या घारापुरीचे उदाहरण प्रसिद्ध आहे. महानगराच्या इतक्या निकट असूनही त्या बेटावर कायमची वीज पोहोचायला २०१८ साल उजाडावे लागले. परंतु समुद्रापासून दूर असलेल्या बस्तरमध्येही बेटे आहेत. ती वर्षातून चार महिने अस्तित्वात येतात. इंद्रावती आणि तिला मिळणारे नदीनाले पावसाळ्यात दुथडी भरून वाहू लागले, की अबूझमाड आणि त्याच्या परिसरातील अनेक गावांचा संबंध तुटतो. लाकडाच्या डोंग्याने नदी ओलांडणे, हाच मग एक मार्ग उरतो, आणि पुराच्या दिवसांत तोही बंद होतो. नदीच्या दुसऱ्या अंगाला महाराष्ट्राच्या गडचिरोली जिल्ह्यातील भामरागड तालुक्याची स्थिती हीच आहे. पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती यांच्या संगमापाशी वसलेल्या भामरागडचा रस्ता पर्लकोटेला पूर आला, की बंद पडतो, ही तेथील लोकांना दर पावसाळ्यात परिचित असलेली गोष्ट आहे. अलीकडच्या वर्षांत या प्रदेशात पूल झाले, रस्ते वाढले, हे खरे. तरीही नकाशावर रेषा उमटणे आणि जुलै महिन्यात शिक्षक शाळेत पोहोचणे, या दोन गोष्टींत अजून अंतर आहे.

छत्तीसगढच्या शासनव्यवहारात अशा गावांना ‘पहुँचविहीन’ असा शब्द आहे. जेथे पावसाळ्यात वाहन पोहोचत नाही, अशा रेशन दुकानांत जून महिन्याच्या आधीच काही महिन्यांचे धान्य आणि मीठ साठवून ठेवले जाते. ही व्यवस्था शहाणपणाची आहे. पोट पावसाळ्यात सुटी घेत नाही, हे तिने ओळखले आहे. शाळेचे वर्षही तेथे जूनच्या मध्यावर, म्हणजे नेमके नाले भरण्याच्या सुमारास सुरू होते. धान्याच्या बाबतीत जी दूरदृष्टी दिसते ती पुस्तकांच्या बाबतीत मात्र क्वचितच दिसते. शहरातील देणगीदारांना पुस्तकदानाची आठवण होते ती स्वातंत्र्यदिनाला, शिक्षकदिनाला किंवा बालदिनाला. यांपैकी पहिले दोन दिवस ऐन पावसाळ्यात येतात. त्या दिवशी छायाचित्र निघते, खोकी बांधली जातात आणि जिल्ह्याच्या ठिकाणी एखाद्या कार्यालयाच्या कोपऱ्यात थंडी सुरू होईपर्यंत पडून राहतात. तेवढ्यात वाळवी आपले वाचन पूर्ण करते.

आता खोक्यांत काय असते ते पाहावे. पुस्तके मागितली, की पहिल्याने येतात ती जुनी मार्गदर्शके आणि अपेक्षित प्रश्नसंच. त्यानंतर स्पर्धापरीक्षांची पुस्तके, ज्यांतील माहिती कधीच शिळी झालेली असते. मग बदललेल्या अभ्यासक्रमाची पाठ्यपुस्तके, कंपन्यांच्या रोजनिश्या, कोणाच्या तरी षष्ट्यब्दीपूर्तीचा गौरवग्रंथ, इंग्रजी माध्यमाच्या शाळेत मिळालेली गुळगुळीत कागदाची चित्रपुस्तके आणि पाने सुटलेली मासिके. वस्तूंमध्ये तुटक्या खडूपेन्सिली, कडी निघालेली दप्तरे, एकाच पायाचे बूट. देणाऱ्याच्या मनात वाईट हेतू नसतो. घर रिकामे होते, मनाला समाधान मिळते आणि वस्तू ‘वाया गेली नाही’ असे वाटते. परंतु माळ्यावरची अडगळ दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवणे म्हणजे दान, असा अर्थ त्यातून निघू लागतो. ज्या शिक्षकाला ती खोकी डोंग्यातून किंवा मोटारसायकलच्या मागे बांधून न्यावी लागतात, त्याच्या दृष्टीने प्रत्येक निरुपयोगी पुस्तक हे वाहून नेलेले वजन असते. पलीकडे मूल ते उघडते, त्याला काही उमगत नाही, आणि पुस्तक ही आपल्यासाठी नसलेली वस्तू आहे असा समज पक्का होतो. निकामी पुस्तक निरुपद्रवी असते हे म्हणूनच खरे नाही.

देण्याची रीत बदलली, की वस्तूचा अर्थ कसा बदलतो याचे उदाहरण दिल्लीच्या ‘गूंज’ या संस्थेने घालून दिले आहे. अंशु गुप्ता यांनी १९९९ मध्ये ती सुरू केली आणि २०१५ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. शहरी शाळांतील जास्तीची सामग्री ग्रामीण शाळांपर्यंत नेणारा तिचा एक स्वतंत्र उपक्रम आहे. या संस्थेने आलेल्या वस्तूंची निवड, दुरुस्ती आणि जुळवणी यांनाच कामाचे केंद्र मानले. गावाने आपल्या गरजेचे एखादे काम श्रमदानाने पूर्ण करावे आणि त्या श्रमाचा मोबदला म्हणून वस्तू स्वीकाराव्यात, असा तिचा परिपाठ आहे. घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये, ही यामागची दृष्टी. भनपुरीसारख्या ठिकाणी, जेथे रद्दीची निवड करणारे कुशल हात आधीच आहेत, तेथे वह्यांतील कोरी पाने वेगळी काढून त्यांच्या नव्या वह्या शिवणे हे मुळीच अवघड नाही. कागदाचा लगदा करण्यात गैर काही नाही. पण कोऱ्या पानाचा लगदा करून पुन्हा कोरे पान बनवणे, हा मात्र विचित्र उद्योग म्हटला पाहिजे.

भाषेचा प्रश्न याहून अवघड आहे. बस्तरमधील मूल घरी गोंडी बोलते, कोठे हलबी, कोठे भतरी, दोरली किंवा धुरवी. शाळेत त्याच्यासमोर हिंदी पुस्तक येते. इंद्रावतीच्या दुसऱ्या तीरावर त्याच माडिया समाजाचे मूल शाळेत मराठी पुस्तक उघडते. दोन्ही तीरांवर घरची भाषा एकच, शाळेची भाषा मात्र राज्याच्या सीमेने ठरवलेली. गोंडी द्रविड कुळातील भाषा असल्यामुळे हिंदी काय किंवा मराठी काय, त्या मुलाला दोन्ही सारख्याच परक्या. हलबीची गोष्ट थोडी निराळी आहे. तिच्यात छत्तीसगढी आणि ओडिया यांच्याबरोबर मराठीच्याही खुणा आढळतात आणि रायपूरच्या मराठी माणसाला ती ऐकताना अधूनमधून ओळखीचा शब्द भेटतो. अशा मुलांना शहरातील इंग्रजी चित्रपुस्तक देऊन वाचनाची गोडी लागेल, ही अपेक्षा भाबडी आहे.

रायपूरच्या मराठी कुटुंबांपुढे तर हा प्रश्न आणखी एका रूपाने उभा राहतो. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांची सत्ता छत्तीसगढवर आली, तेव्हापासून मराठी माणसे या प्रदेशात नांदत आहेत. १९०० साली पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू करणारे आणि पुढे ‘दासबोध’ व ‘गीतारहस्य’ हिंदीत आणणारे माधवराव सप्रे हे मराठीभाषकच. त्यांचे अखेरचे दिवस रायपूरलाच गेले. एका भाषेतील ग्रंथ दुसऱ्या भाषेच्या वाचकापर्यंत नेण्याची परंपरा येथे अशी जुनी आहे. आज अनेक घरांत आजोबांच्या काळचे मराठी पुस्तकांचे कपाट आहे आणि नातवंडे हिंदी-इंग्रजीत शिकत आहेत. कपाट रिकामे करण्याची वेळ आली, की ही पुस्तके कोठे जावीत? बस्तरच्या हिंदी शाळेत ती पाठवणे म्हणजे ती दुसऱ्यांदा अनाथ करणे होय. त्यांची जागा नदीच्या महाराष्ट्राकडील तीरावर आहे. भामरागड तालुक्यातील हेमलकसा येथे डॉ. प्रकाश आमटे आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी १९७३ पासून लोकबिरादरी प्रकल्प उभा केला आणि तेथे आदिवासी मुलांची निवासी शाळा वाढवली. त्या परिसरात जिल्हा परिषदेच्या आणि आश्रमशाळाही आहेत. मराठी बालसाहित्य, विज्ञानकथा, चरित्रे, शब्दकोश यांना तेथे वाचक मिळू शकतो. रायपूरहून हिंदी पुस्तके दक्षिणेला आणि मराठी पुस्तके नागपूरमार्गे गडचिरोलीला, अशी साधी विभागणी केली, तरी अर्धे काम मार्गी लागते. कपाटातील जाडजूड कादंबऱ्या आणि समग्र वाङ्मयाचे खंड मात्र शाळेत न जाता एखाद्या सार्वजनिक वाचनालयातच जावेत. दहा वर्षांच्या मुलाच्या नावाखाली प्रौढांचे कपाट हलवू नये.

गोंडी-हलबी मुलांसाठी द्यायचे तरी काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर जुन्या पुस्तकांत फारसे नाही, आणि हे दात्यांनी मोकळेपणाने मान्य करावे. छत्तीसगढमध्ये गेल्या काही वर्षांत स्थानिक भाषांतील वाचनसाहित्य तयार होऊ लागले आहे. ‘प्रथम बुक्स’ या संस्थेने २०१५ मध्ये सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’ या संग्रहात अनेक भारतीय भाषांतील सचित्र बालकथा कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येतात आणि छापताही येतात. त्यांत गोंडी कथाही आहेत. म्हणजे वीस किलो जुनी पुस्तके पाठवण्याऐवजी तेवढ्याच वाहतूकखर्चात आणि थोड्या छपाईखर्चात मुलाच्या भाषेतील पन्नास पातळ पुस्तिका पोहोचू शकतात. यात दात्याला आपल्या घरातील वस्तू दिल्याचे समाधान मिळत नाही. मुलाला मात्र पहिल्याच पानावर आपल्या घरातला शब्द सापडतो.

या साऱ्या खटाटोपावर एक गंभीर आक्षेप घेतला जातो. शाळेला पुस्तके पुरवणे हे शासनाचे कर्तव्य आहे. समाजाने देणग्या गोळा करून ती उणीव झाकली, तर शासन निश्चिंत होईल. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. १९८७ मधील खडू-फळा मोहिमेत प्राथमिक शाळांना पुस्तके देण्याची तरतूद होती. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात तर प्रत्येक शाळेत वृत्तपत्रे, मासिके आणि गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तके असलेले ग्रंथालय असावे, असे स्पष्ट म्हटले आहे. बस्तरच्या संदर्भात ही गोष्ट अधिक बोचते. २००५ नंतरच्या हिंसाचाराच्या काळात विजापूर, दंतेवाडा भागातील शेकडो मुलांच्या शाळा उद्ध्वस्त झाल्या किंवा बंद पडल्या. काही इमारतींत सुरक्षा दले राहिली आणि त्या रिकाम्या कराव्यात असे सर्वोच्च न्यायालयाला २०११ मध्ये सांगावे लागले. मुलांना घरापासून दूर, तात्पुरत्या बांधणीच्या निवासी शाळांत ठेवावे लागले. अलीकडे त्यांपैकी अनेक गावांत शाळा पुन्हा उघडल्या. अशा शाळेला शहराची उतरलेली पुस्तके पुरेशी आहेत असे म्हणणे हा त्या मुलांचा उपमर्द ठरेल.

त्यातच सप्टेंबर २०२४ मध्ये रायपूरजवळच्या एका कागद कारखान्याच्या आवारात त्याच शैक्षणिक वर्षासाठी छापलेली शासकीय पाठ्यपुस्तके मोठ्या संख्येने रद्दीत आढळली. त्यावर गदारोळ झाला, चौकशी नेमली गेली. जी पुस्तके मुलांच्या हातात असायला हवी होती ती लगद्याच्या वाटेवर सापडावीत, यावरून एक गोष्ट उघड होते: पुस्तकांची छपाई कमी पडते म्हणूनच मुले पुस्तकांवाचून राहतात असे नाही. कोणत्या शाळेत किती मुले आहेत, कोणत्या गावी कोणती पुस्तके गेली आणि कोणती उरली, याचा हिशेब ठेवण्याचे निष्ठेने केलेले काम कमी पडते. नागरिकांची खरी मदत येथे होऊ शकते. पुस्तकांचे खोके घेऊन जो मनुष्य नदीपलीकडे जातो, तो तेथे काय आहे आणि काय नाही हे डोळ्यांनी पाहून येतो. शाळेला ग्रंथालयाचे अनुदान मिळाले का, मिळाले असल्यास त्यातून काय आले, हे विचारण्याचा त्याला अधिकार आहे. त्याने ते पाहावे, लिहून काढावे आणि संबंधित कार्यालयाला कळवावे. एवढे केले, तर देणगीमुळे शासन निश्चिंत होण्याऐवजी जागे होण्याचा संभव अधिक. जो केवळ खोके ठेवून परततो, त्याच्या बाबतीत मात्र वरील आक्षेप पूर्णपणे लागू पडतो.

शाळेत पोहोचलेले पुस्तक मुलाच्या हाती पडतेच असेही नाही. बहुतेक शाळांत पुस्तके कुलूपबंद कपाटात असतात. त्यासाठी मुख्याध्यापकाला दोष देणे सोपे आहे. परंतु पुस्तक साठा नोंदवहीत चढले, की ते फाटले, हरवले, तर जबाबदारी त्याच्यावर येते. तपासणीच्या वेळी पुस्तके किती वाचली गेली हे क्वचितच विचारले जाते. किती शिल्लक आहेत हे मात्र मोजले जाते. मग कुलूप हाच सुरक्षित मार्ग ठरतो. दात्यांनी पुस्तके देतानाच ‘वापरून झिजण्यासाठी’ अशी लेखी नोंद करून दिली, तर शिक्षकाच्या मनावरचा बोजा उतरेल. वाचून फाटलेले पुस्तक हे हिशेबातील नुकसान मानू नये. पत्र्याची एक पेटीही पुस्तकांबरोबर असावी. बस्तरच्या दमट हवेत आणि वाळवीच्या राज्यात पुस्तकाइतकीच पेटी महत्त्वाची आहे, हे शहरात बसून सहसा सुचत नाही.

पेटी फिरतीही असावी. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या वतीने विनायक रानडे यांनी २००९ मध्ये सुरू केलेल्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या योजनेचा गाभाच हा आहे. १०० पुस्तकांची एक पेटी वाचकांच्या एका गटाकडे जाते आणि ठरावीक काळाने दुसऱ्या गटाच्या पेटीशी तिची अदलाबदल होते. नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरील बेटांसाठी १९६३ मध्ये बांधलेली ‘एपोस’ नावाची ग्रंथनौका याच तत्त्वावर चालत असे. हजारो पुस्तके घेऊन ती छोट्या वस्त्यांच्या धक्क्यांवर थांबे, जुनी पुस्तके परत घेई आणि नवी देई. २०२० मध्ये निधीअभावी ती सेवा थांबली. संपन्न देशातही अशी सेवा चालू ठेवणे सोपे नसते, हे त्यावरून दिसते. परंतु पन्नासांहून अधिक वर्षे ती चालली, कारण नौका पुन्हा येणार हे बेटावरच्या मुलांना ठाऊक होते. एकदाच येणारे खोके आणि पुन्हा येणारी पेटी यांत हा भेद आहे. पेटी परत येते तेव्हा कोणते पुस्तक मळले आणि कोणते कोरेच राहिले, हे पाहणाऱ्याला कळते, आणि पुढची पेटी अधिक शहाणपणाने भरता येते. मुलांचे मत घेण्याचा याहून प्रामाणिक उपाय नाही.

छत्तीसगढच्या शाळांची व्यवस्था अशा फिरत्या पेटीला प्रतिकूल नाही. जवळजवळच्या शाळांचे मिळून एक ‘संकुल’ असते आणि त्याच्या बैठकांना शिक्षक एकत्र जमतात. जगदलपूरपर्यंत पेटी नेणे हे भनपुरीच्या ट्रकला कठीण नाही; सिमेंटच्या पोत्यांच्या कडेला तिला जागा होते. तेथून संकुलाच्या गावापर्यंत बस जाते. शेवटचे दहा-वीस किलोमीटर शिक्षकाच्या मोटारसायकलवर, ट्रॅक्टरमध्ये किंवा कोणाच्या तरी डोक्यावर. त्यामुळे पेटी एका माणसाला उचलता येईल एवढीच असावी. पन्नास-साठ पातळ पुस्तके, दोन नकाशे, शिवलेल्या वह्या, पेन्सिली, कंपासपेट्या, पाट्या. याहून जास्त भरले, तर ती वाटेतच कोठेतरी राहील.

वेळापत्रकही रेशनच्या धान्याकडूनच घ्यावे. परीक्षा संपताच, रद्दीवाल्याच्या आधी, एप्रिलमध्ये पुस्तके गोळा करावीत. मे महिन्यात निवड, दुरुस्ती, शिवण आणि छपाई व्हावी. सुटीत घरी असलेली मोठी मुले हे काम आनंदाने करतील, आणि कोणते पुस्तक लहानांना आवडेल हे प्रौढांपेक्षा त्यांनाच अधिक कळते. जूनच्या पहिल्या आठवड्यात नाले अजून कोरडे असतात. पावसाळ्याच्या साठ्याची तांदळाची पोती आणि मिठाच्या थैल्या ज्या ट्रॅक्टरवर चढतात, त्याच ट्रॅक्टरवर पत्र्याची ती पेटी चढली, तर पहिल्या पुराने वाट बुडवली तरी शाळेच्या पहिल्या दिवशी ती नदीपलीकडे पोहोचलेली असेल.